विहिरीपासून साठ पावलं

"फोटो उलटा धरलाय तुम्ही," दुभाषी बाई म्हणाल्या.

"उलटा नाही. मी या अंगानं आत येतो," गवतवाला म्हणाला, आणि फोटो तसाच धरून बघत राहिला.

बाईंनी हे टेबलापलीकडच्या साहेबाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. साहेब हवाई तळाचा नवा सुरक्षा अधिकारी. तीन आठवड्यांपूर्वीच परदेशातून येऊन हजर झालेला, आणि नव्या माणसाची सगळी उमेद अंगात असलेला. आधीचे साहेब या खोलीत दुपारी पाय पसरून बसायचे. यानं आल्या आल्या कपाटं उपसली होती.

फोटो विमानातून काढलेला होता. चार नंबरचं फाटक आपल्या पोटाशी येईल असा गवतवाल्यानं तो फिरवून घेतला होता. फाटकातून आत यायचं, उजवीकडे वळायचं, गवत कापायच्या मशीनची शेड. शेडसमोर मोकळं मैदान, मैदानापलीकडे धावपट्टी. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता, त्यामुळे वाट सापडायला वेळ लागला नाही. मैदानाच्या मधोमध एक गडद हिरवा चौकोन दिसत होता. चौकोनाच्या पोटात दोन आडव्या रेघा, पुढे एक लहानसा तुकडा बाहेर आलेला. कोणीतरी त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला होता.

"साहेब विचारतायत, ही खूण कसली? वरून बघणाऱ्या कोणासाठी तरी केलेली वाटते, असं म्हणतायत."

आता या प्रश्नाचं उत्तर गवतवाल्याकडे सव्वीस वर्षं तयार होतं. मशीनचं पातं एका बाजूला झुकतं, जमीन उंचसखल आहे, त्या तुकड्यावर गवत जरा उंच राहतं. आरशासमोर म्हणून बघितलेलं उत्तर. पण पहाटे पाचपासून जागा, पाठ भरून आलेली, आणि खुर्चीच्या गादीला आपल्या विजारीचं गवत लागू नये म्हणून तो काठावर बसलेला. खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"माझं घर आहे ते," तो म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. "काका, प्रश्न नीट ऐकलात ना?"

"ऐकला. घर आहे. म्हणजे होतं. गाव होतं ना इथं. ही बघा विहीर." त्यानं चौकोनापासून थोड्या अंतरावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हिच्यावर काँक्रीटचं झाकण टाकून सतरा नंबर लिहिलाय. विहिरीपासून आमचं दार साठ पावलं. तीन खोल्या आणि पुढे ओटा. आई वरून बघते, साहेबांचं बरोबर आहे. आईसाठीच केलंय."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. शहरातून बदलून आलेली पस्तिशीची बाई. दोन देशांच्या मध्ये बसून दिवसभर बोलायचं, आणि त्यातलं एकही वाक्य आपलं नाही, असं तिचं काम. मग त्या साहेबाकडे वळल्या आणि बरंच लांबलचक काहीतरी बोलल्या.

साहेबांच्या भाषेतले गवतवाल्याला वीस-पंचवीस शब्द येत होते. गवत, थांब, पुढे, पास, मशीन, उद्या. बाईंच्या बोलण्यात त्याला गवत ऐकू आलं, मशीन दोनदा ऐकू आलं. घर काही ऐकू आलं नाही, आणि तो शब्द त्याला येत होता.

साहेबाच्या कपाळावरची आठी सैल झाली. तो काहीतरी म्हणाला, फोटो ओढून घेतला आणि फायलीत ठेवला.

"शुक्रवारी सह्यांचा कार्यक्रम आहे. सहा देशांचे मंत्री उतरणार," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सगळं मैदान एकसारखं कापायचं. साहेब स्वतः बघायला येणार आहेत. निघा तुम्ही."

बाहेर आल्यावर आपला तळावर शिरायचा पास वाचला हे त्याच्या लक्षात आलं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही.

*

तळावरच्या परदेशी लोकांना वसाहतीत सगळे 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांना येऊन पन्नास वर्षं झाली होती. इतका मुक्काम ठोकणारे पाहुणे कोणी पाहिले नसतील, पण पहिल्या दिवशी सरकारी अधिकाऱ्यानं लोकांना गोळा करून 'ते आपले पाहुणे आहेत' असं सांगितलं होतं आणि तो शब्द चिकटला तो चिकटलाच.

तेव्हा गवतवाला नऊ वर्षांचा होता. ट्रक आले, भांडीकुंडी चढली, आणि सगळं गाव उचलून पलीकडच्या चढावर आणून ठेवलं. तिला नवी वसाहत म्हणायचं. तिच्या भिंतींना पोपडे धरले, गिलावा दोनदा बदलून झाला, तरी अजून ती नवीच. करार पन्नास वर्षांचा होता आणि कागदावर तसं छापलेलं होतं. गरज संपली की जमीन मूळ मालकांना परत. लोकांनी 'गरज संपली की' हे वाचलं नाही, 'पन्नास' तेवढं वाचलं. पन्नास म्हणजे काही जन्म नव्हे, आपण नाही तर आपली पोरं जातील, असा हिशेब करून माणसं मुकाट चढावर राहायला आली.

यथावकाश पोर मोठं झालं आणि तळावर गवत कापायला लागलं. हे काम दिसतं तितकं साधं नाही. धावपट्टीजवळ गवत वाढलं की उंदीर येतात, उंदरांमागे घारी येतात आणि घार विमानाच्या इंजिनात गेली की माणसं मरतात. म्हणून बारा महिने गवत कापायचं, तेही मापात. मशीन बसून चालवायचं, शेजारी एक दांडी, दांडीला सात खाचा. तिसऱ्या खाचेला दांडी ठेवली की गवत चार बोटं उरतं. तळाचा नियम तीन नंबरचा.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याला विहिरीचं झाकण सापडलं. तसा तो नाकासमोर चालणारा माणूस, शाळेत असतानासुद्धा कोणाची पेन्सिल न उचललेला. पण त्या दिवशी तो मशीनवरून उतरला, झाकणाला पाठ करून उभा राहिला आणि फाटकाच्या दिशेनं साठ पावलं चालला. लहानपणी कळशी घेऊन रोज मोजायचा ती साठ. साठावं पाऊल पडलं तिथं त्यानं खडा ठेवला. मग मशीनवर बसला, दांडी दोन खाचा वर केली, आणि आईच्या घराचा आराखडा डोळ्यांपुढे आणून तीन खोल्या आणि ओटा एवढं गवत पाच नंबरवर कापलं. भिंतींच्या जागी दोन रेघा पुन्हा तीनवर. चार मिनिटांचं जास्तीचं काम. जमिनीवर उभं राहून काही म्हणता काही कळायचं नाही. दोन बोटं गवताचा फरक, कोणाला दिसतो?

दिसायचा तो वसाहतीच्या गच्चीवरून. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं आईला हात धरून वर नेलं होतं. तिनं पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, "अगंबाई."

तेव्हापासून रोज दुपारी चारला गच्चीवर मंडळी जमायची. आई, शेजारची काकू, निवृत्त मास्तर, आणखी दोघं-चौघं. ते घर बघायचे आणि त्यावरून बोटानं आपापली घरं मोजायचे. इथं माझं परसू, इथं तुमचा गोठा. त्यातली बरीच माणसं आता राहिली नव्हती. काकू मागच्याच वर्षी गेली. पण घर दर पंधरवड्याला ताजं कापलं जात होतं.

आणि करार याच महिन्यात संपत होता.

*

"मग काय म्हणाला साहेब?" बायकोनं विचारलं. तिनं चहा पुढे ठेवला तो घेऊन तो दारातच बसला.

"काही नाही. उद्या सगळं सारखं कापायचं."

"एवढंच ना? पास तर नाही ना काढून घेतला?"

"नाही."

"मग कापा ना. अहो, रिटायर व्हायला अकरा महिने राहिलेत. अकरा महिने खाली मान घालून काढा, मग गच्चीवर बसून त्यांना काय शिव्या द्यायच्या त्या द्या. मी पण बसते शेजारी." ती हे रागानं म्हणत नव्हती. तीस वर्षं संसार करून माणूस रागावायचाही कंटाळा करतो.

"आईला कोण सांगणार?"

"तुम्हीच. मी नाही त्यात पडत."

आई गच्चीवर आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. वय ऐंशी. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला जवळचं काही दिसत नसे आणि लांबचं लख्ख दिसे. सुनेनं वाढलेलं ताट ती चाचपडत जेवायची, पण तळावर कोणता शिपाई लंगडतो ते सांगायची. शेजारी मास्तर पेपर उघडून बसले होते.

"या, वाचून दाखवतो," मास्तर म्हणाले. "प्रादेशिक संरक्षण भागीदारी. पूर्वी एक पाहुणा होता, आता तो आपले पाच भाऊबंद घेऊन येणार. सहा झेंडे लागणार. इंधनाच्या नव्या टाक्या, नव्या बराकी. मुदत आणखी पन्नास वर्षं." त्यांनी चष्मा काढला. "मी ब्याऐंशीचा. म्हणजे एकशे बत्तिसाव्या वर्षी मला घरी जाता येईल. व्यायाम सुरू करायला हवा."

आई हसली. हसता हसता खोकली. गवतवाल्याला हसू आलं नाही.

"आई," तो तिच्या खुर्चीशी टेकून बसला, "उद्या ते कापायला सांगितलंय. आपलं घर. फोटोत आलंय त्यांच्या."

मास्तरांनी पेपर घडी घालायला घेतला आणि खूप वेळ घडी घालत राहिले. आई खाली मैदानाकडे बघत होती.

"काप की मग," ती म्हणाली.

"काप काय? तुला काहीच नाही वाटत?"

"गवतच आहे बाळा. तुझी नोकरी त्याहून मोठी. काप."

त्याला ते लागलं. सव्वीस वर्षं चोरून केलेल्या कामाची किंमत तिनं गवतात केली. तो उठून खाली गेला आणि त्या दिवशी पुन्हा वर आला नाही. तिनं निदान एकदा नको म्हणायला हवं होतं, एवढंच त्याचं मागणं होतं. नको म्हणाली असती तरी त्यानं कापलंच असतं, तो भाग वेगळा.

*

सकाळी साहेब जीपमधून आला. शेजारी दुभाषी बाई. उन्हं अजून तिरपी होती आणि गवतावर दव होतं. खरं म्हणजे दवात कापू नये, पात्याला लगदा चिकटतो. पण साहेबाला हे कोण समजावणार.

त्यानं बाकीचं मैदान आधी उरकलं. मग मशीन घराजवळ आणलं आणि बंद केलं. विहिरीच्या झाकणापाशी गेला, पाठ केली आणि चालू लागला. एक, दोन, तीन. गुडघा कुरकुरत होता. जीपमधून साहेब काहीतरी ओरडून विचारत होता, बाई त्याला उत्तर देत होत्या. साठावं पाऊल पडलं तिथं उंच गवत सुरू होत होतं, बरोबर काठाला. त्याला बरं वाटलं. आपण एवढी वर्षं मापात चुकलो नाही, असं त्याला वाटलं.

दांडी तीनच्या खाचेत टाकून तो मागून पुढे आला. आधी न्हाणी आणि स्वयंपाकाची खोली. मग मधली खोली, जिथं तो आणि धाकटी बहीण एका वाकळेत झोपायचे. मग पुढची. ओटा त्यानं शेवटी ठेवला होता. ओट्यावर वडील संध्याकाळी बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. वडिलांचा चेहरा आता नीट आठवत नव्हता, बसण्याची पद्धत आठवत होती, एक पाय खाली सोडलेला. पात्याखालून ओटा गेला. अडीच मिनिटांत घर संपलं. त्याला रडू आलं, आणि मशीन चालू असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

साहेबानं अंगठा वर केला. बाई जीपमधून उतरून त्याच्याकडे आल्या.

"छान झालं म्हणतायत."

"बाई, काल तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

त्यांनी एकदा जीपकडे वळून पाहिलं. "मशीन जुनं आहे, पातं झुकतं, दुरुस्ती मागितली होती पण झाली नाही, असं सांगितलं."

"मी ते नव्हतो म्हणालो."

"काका, तुमचं जसंच्या तसं सांगितलं असतं तर आत्ता तुम्ही फाटकाबाहेर असता. वर चौकशी लागली असती. वसाहतीतल्या सगळ्यांचे पास तपासले असते. वरून बघणाऱ्यासाठी खूण केली, हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. चांगलंच केलंत तुम्ही." तो पात्याचा लगदा काडीनं काढत होता. "पण पन्नास वर्षांत त्यांच्यातल्या कोणी मला पहिल्यांदा विचारलं होतं, की हे काय आहे. आणि मी सांगितलं होतं."

बाईंनी मान खाली घातली. "अशी पुष्कळ वाक्यं राहतात माझ्यापाशी, काका," त्या म्हणाल्या. "पुढे जातच नाहीत."

जीपचा भोंगा वाजला तशा त्या गेल्या.

शुक्रवारी सहा झेंडे चढले. बँड वाजला, भाषणं झाली, वारा उलटा असल्यामुळे गच्चीवर त्यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं. शांतता, स्थैर्य, मैत्री. मैदान अगदी एकसारखं दिसत होतं. आई खुर्चीत बसून झेंडे मोजत होती. त्या दिवसापासून चार वाजता गच्चीवर यायचं मास्तरांनी जवळजवळ सोडलं. काय बघायला यायचं?

*

मग उन्हाळा तापला. दरवर्षी मैदानावर पाण्याची कारंजी फिरत, त्यामुळे आत सदाहिरवं आणि कुंपणाबाहेर माती, असा देखावा असे. या वर्षी नव्या बराकींत भाऊबंदांचे दोन हजार शिपाई येऊन राहिले. त्यांच्या अंघोळी आधी, गवत नंतर. कारंजी बंद झाली. गवतवाल्याला ते बरंच होतं. वाळकं गवत वाढत नाही, काम कमी. तो सकाळी जायचा, शेडमध्ये पात्यांना धार लावायचा, आठवड्यातून एकदा उगाच मैदानावर चक्कर मारायचा. आईशी तो जेवढ्यास तेवढं बोलत होता. गच्चीवर गेलाच नव्हता.

एक दिवस दुपारी कामावरून येऊन तो हात-पाय धूत होता तेव्हा बायको म्हणाली, "आई वर बोलावतायत. मास्तरही आलेत. लगेच या म्हणाल्यात."

वर पाच-सहा माणसं कठड्याला टेकून उभी होती. त्याला बघून सगळी बाजूला सरकली, लग्नघरात नवऱ्या मुलाला वाट देतात तशी.

"बघ," आई म्हणाली.

मैदान मळकट हिरवं झालं होतं. आणि त्या हिरव्यात पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. सरळ, काटकोनात वळणाऱ्या. एक घर, शेजारी दुसरं, मध्ये बोळ, बोळाच्या तोंडाशी गोठा, पुढे रांगेनं आणखी सात-आठ घरं. सगळं गाव, कोणी पिवळ्या खडूनं आखून ठेवावं तसं.

हे कसं झालं ते त्याला लगेच कळलं. गवत त्याचा धंदा होता. घरं पाडली तेव्हा जोत्याचे दगड कोणी उपसले नव्हते, वरून नुसती माती लोटली होती. दगडावर माती उथळ, मुळं खाली जात नाहीत, पाणी तुटलं की तिथलं गवत पहिल्यांदा पिवळं पडतं. इतकी वर्षं कारंज्यांनी ते झाकून ठेवलं होतं. या खुणेसाठी साहेब कोणाला बोलावणार होता?

"हा माझा गोठा," मास्तर म्हणाले. त्यांनी बोट लांब केलं. "बघा की, कोपरा तुटलेला आहे ना, तोच. बैल धडकला होता."

गवतवाला आपलं घर शोधत होता. विहिरीचं झाकण सापडलं. तिथून फाटकाकडे साठ पावलं त्यानं नजरेनं मोजली. तिथं घर होतं खरं, पण चार खोल्यांचं. पुढे ओटा नव्हता. त्यानं डोळे चोळले आणि पुन्हा मोजलं.

"आई, हे चुकलंय काहीतरी. आपल्या जागी भलतंच घर आहे."

मास्तर कठड्याकडे बघू लागले.

"ते काकूचं," आई म्हणाली.

"मग आपलं?"

तिनं बोट केलं. विहिरीच्या कितीतरी जवळ, बोळाच्या अलीकडे. लहानसं घर, तीन खोल्या, पुढे ओट्याचा तुकडा.

"साठ पावलंच होती रे," आई म्हणाली. "पण नऊ वर्षांच्या पोराची. कळशी घेतलेल्या पोराची पावलं ती. तू मोठ्या माणसाची टाकलीस आणि काकूच्या घरात जाऊन उभा राहिलास."

तो कठड्याला धरून उभा राहिला. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सगळ्यांनाच माहीत होतं."

"सगळ्यांना?" त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली.

"आम्ही अंदाजानं एक घर मागे मोजायचो," मास्तर म्हणाले. "त्यात काय एवढं. सवय झाली होती."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"मी सांगणार होते," आई म्हणाली. "पण काकू वर आली, तिनं बघितलं. म्हणाली, तुझ्या मुलानं तुमचं घर माझ्या जागेवर बांधलं गं. मला वाटलं, आता भांडते. तर म्हणाली, असू दे, सांगू नकोस त्याला. निदान माझ्या जागेवर कोणीतरी राहतंय. तिचं तळावर कामाला कोणी नव्हतं ना रे. रोज चारला यायची, मरेपर्यंत आली. मग ती गेल्यावर तरी काय सांगायचं?"

"म्हणून काप म्हणालीस."

"काकू गेली होती. आता बघणारी ती नव्हती, आणि तुझी नोकरी जायची वेळ आली होती. नको कशाला म्हणू?"

त्यानं त्या लहान घराच्या रेघांवरून नजर फिरवली. शेडमधून मैदानात उतरण्याची त्याची वाट बरोबर त्या घरावरून जात होती. मागच्या भिंतीतून शिरून ओट्यावरून बाहेर.

"आई," तो म्हणाला, "सव्वीस वर्षं मी आपल्या घरावरून मशीन फिरवलं. तीन नंबरवर. सगळ्यात बारीक कापलं ते आपलंच."

"ठाऊक आहे."

"तुला रोज दिसायचं?"

"रोज सकाळी बघायचे मी," आई म्हणाली. "सूनबाईला वाटायचं, म्हातारी कोवळ्या उन्हाला बसते. तू मागच्या दारानं आत यायचास, ओट्यावरून बाहेर पडायचास. एक दिवस चुकला नाहीस. गावातल्या एकाला तरी रोज घरी जाता येत होतं. ते काय कमी होतं?"

बायको जिन्यात उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि खाली चहाचं बघायला गेली.

*

दुसऱ्या दिवशी मैदानावर कापण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यानं मशीन काढलं. शेडमधून निघून तो नेहमीच्या वाटेनं उतरला. जमिनीवरून रेघा दिसत नव्हत्या, पण आता त्याला ठाऊक होतं. मागच्या भिंतीपाशी त्यानं वेग कमी केला. न्हाणी. स्वयंपाकाची खोली. मधली. पुढची. ओट्यावर त्यानं मशीन बंद केलं, उतरला आणि वाळक्या गवतावर बसला. जोड्यांच्या नाड्या सोडल्या आणि ते काढून बाजूला ठेवले. एक पाय ओट्यावरून खाली सोडला. तिथं खाली काही नव्हतं, जमीनच होती, पाय नुसता पसरला गेला.

धुरळा उडवत जीप आली. साहेब आतूनच काहीतरी म्हणाला. दुभाषी बाई खाली उतरल्या. त्यांनी त्याचे उघडे पाय पाहिले, बाजूला ठेवलेले जोडे पाहिले.

"साहेब विचारतायत, का थांबलात?"

गवतवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या खूप दमलेल्या दिसत होत्या.

"जोड्यात खडा गेलाय म्हणून सांगा," तो म्हणाला.

बाईंनी ते सांगितलं. या वेळी एक शब्द कमी नाही की जास्त नाही. साहेबानं मान डोलावली आणि जीप पुढे गेली.

खडा काढायला लागतो तेवढाच वेळ तो तिथं बसला. चढावर, गच्चीच्या कठड्यामागे, आईच्या खुर्चीचा पांढरा ठिपका दिसत होता. मग त्यानं जोडे घातले, दांडी तीनच्या खाचेत आहे ना ते पाहिलं, आणि कामाला लागला.